अडीच महिन्यांची बोटं

एकदा एक कापडाचा व्यापारी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी गिटार शिकायला गेला. तोवर त्याने आयुष्यात कुठलंही वाद्य हातात धरलेलं नव्हतं. आरतीच्या वेळी हातात झांजा आल्या तर तो त्या शेजारच्याकडे सरकवून मोकळा होत असे. ही बातमी गावात फुटली तेव्हा लोक हसले, आणि खरं सांगायचं तर मीही हसलो. पुढची हकिगत मला त्या व्यापाऱ्याच्या गुरूंनी सांगितली, आणि दोन ठिकाणी खुद्द व्यापाऱ्यानेच ती दुरुस्त करून दिली. ती ऐकल्यापासून मी हसणं सोडलं आहे.

व्यापाऱ्याचं नाव भूपालशेठ. दक्षिणेकडच्या एका तालुक्याच्या गावी, कापडपेठेत, त्यांचं तीन पिढ्यांचं दुकान. कापड पारखण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. उजव्या हातात कायम गज नाहीतर कात्री, म्हणून पारखण्याचं काम डाव्या हाताकडे आलेलं. डावा अंगठा आणि पुढची दोन बोटं यांत कापडाचा कोपरा धरायचा, एकदाच चोळायचा, आणि डोळे मिटून सांगायचं: सूत कसलं, पोत कसा, भेसळ किती. मिलचे एजंट मुद्दाम फसवे नमुने आणून त्यांची परीक्षा घेत आणि हरून, चहा पिऊन परत जात. माल पसंत पडला नाही की शेठ तो दोन बोटांनी लांब सारत आणि दोनच शब्द बोलत, "दुय्यम. बाजूला." त्या दोन शब्दांवर बाजारात कुणी अपील करत नसे.

माणूस ज्या गोष्टीत निष्णात असतो, ती तो संध्याकाळी दुकानात कुलूपबंद करून येत नाही. ती त्याच्याबरोबर घरी येते आणि जेवायलाही बसते. शेठना एकुलता एक मुलगा, वर्धमान. अकरावीत असताना त्याने हट्टाने गिटार घेतली आणि चार महिने मन लावून शिकला. एका रविवारी घरी पाहुणे आलेले असताना शेठनीच त्याला कौतुकाने वाजवायला बसवलं. पोरगा दोन ओळींनंतर अडखळला. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडखळला. शेठ डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी सवयीने, अगदी निव्वळ सवयीने, तेच दोन शब्द उच्चारले. पाहुण्यांना हसू आलं. वर्धमानने गिटार खोळीत घातली, आणि ती माळ्यावर गेली.

नऊ वर्षं गेली. मुलगा इंजिनिअर झाला, नाशिकला नोकरीला लागला. आईशी तो फोनवर अर्धा अर्धा तास बोले. वडिलांनी फोन हातात घेतला की "बरं आहे", "जेवलो", "ठेवतो" एवढ्यावर संभाषण संपे. हल्लीची पोरं अशीच, अशी शेठनी स्वतःची समजूत घालून घेतलेली होती. जानेवारीत माळा आवरताना गिटार खाली आली. या वस्तूचं काय करू, असं आईने मुलाला फोनवर विचारलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडून वर्धमान अगदी सहज म्हणाला, "देऊन टाक कुणाला तरी. दुय्यमच आहे ती. बाजूला कर."

शेठ समोर जेवत बसले होते. त्यांचा हात ताटातच थांबला. नऊ वर्षांपूर्वीचा तो रविवार त्यांना लख्ख आठवला आणि त्यानंतरच्या प्रत्येक "ठेवतो"चा अर्थ एकदम कळला. त्यांना फार वाईट वाटलं. पण व्यापारी माणूस वाईट वाटून घेत बसत नाही, तो तोड शोधतो. शेठनी अशी तोड काढली की, मुलगा मे महिन्यात पंधरा दिवस सुटीवर येणार आहे, तोवर आपणच ही गिटार शिकायची आणि त्याच्यासमोर एक गाणं असं झकास वाजवायचं की त्याने बघत राहावं. मग बोलणं काय, आपोआप सुरू होईल.

गावात मिशनच्या आवारात शांतवनमास्तर राहत. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवत, पुढे तीस वर्षं शाळेत संगीत शिकवलं, आता सत्तरी ओलांडून घरीच चार विद्यार्थ्यांना शिकवत. शेठ गिटार घेऊन त्यांच्या दारात उभे राहिले.

"मास्तर, एक गाणं शिकायचंय. चार महिने आहेत हातात. साधं असू दे, पण माल एक नंबर पाहिजे."

"कशासाठी, शेठ?"

शेठनी सगळं सांगितलं. पाहुणे, ते दोन शब्द, स्पीकरवरचा फोन, काहीच हातचं राखलं नाही. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं, गिटारच्या गंजलेल्या तारा बघितल्या आणि म्हणाले, "तारा मी बदलून ठेवतो. तुम्ही उद्या डाव्या हाताची नखं कापून या."

शिक्षण सुरू झालं. मास्तरांनी तीन कॉर्डचं एक गाणं निवडलं. डाव्या हाताची दोन-तीन बोटं वेगवेगळ्या तारांवर एकदम दाबून धरायची, उजव्या हाताने सगळ्या तारा छेडायच्या, की स्वरांचा जो गुच्छ उमटतो त्याला कॉर्ड म्हणतात. ऐकायला सोपं आहे. दाबणाऱ्याची मात्र बोटांची टोकं पहिल्या आठवड्यात अशी हुळहुळतात की जेवताना पाण्याचा पेलाही उष्ट्या उजव्या हाताने धरावा लागतो. शेठनी त्याची तक्रार केली नाही. कष्टाला ते भिणारे नव्हते.

अडचण निराळी होती. शेठ पहिली कॉर्ड दाबत, तारा छेडत आणि मान वाकडी करून ऐकत. एखादी तार नीट दाबली न जाऊन खरखरली की त्यांचं तोंड आंबट होई. "हे नाही," असं म्हणून ते हात उचलत आणि पुन्हा मांडत. दुसऱ्या कॉर्डवर जाताना बोटं चुकली की गाणं पुन्हा पहिल्यापासून. गिऱ्हाइकापुढे कापडाचा ताका उलगडावा, डाग दिसताच गुंडाळून ठेवावा आणि दुसरा काढावा, तसा हा प्रकार चालला होता. सहा आठवडे झाले तेव्हा गाण्याची पहिली ओळ शेठना बरी येत होती, आणि दुसरी ओळ त्यांनी अजून पाहिलीच नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला मास्तर एक दिवस म्हणाले, "शेठ, उद्या येताना दुकानातनं हातभर कापड आणा."

"कसलं आणू? सुती, टेरिकॉट?"

"तुम्ही पारखी. तुम्हाला जे पसंत ते."

दुसऱ्या दिवशी शेठनी दुकानातली सर्वांत उंची मलमल आणली. गुरूला द्यायची म्हणून तिच्या कडा शिवून घेतल्या होत्या. मास्तरांनी ती हातात घेतली, छान आहे म्हणाले, तिची घट्ट घडी केली, आणि तारा जिथे गिटारच्या पोटाला बांधलेल्या असतात तिथे, तारांच्या खाली, बोटाने दाबून दाबून कोंबून बसवली. मग तारा छेडून बघितल्या. स्वर नाही, सूर नाही. गादीवर हात आपटावा तसा नुसता ठप, ठप आवाज.

"आता महिनाभर हे काढायचं नाही," मास्तर म्हणाले. "घरीसुद्धा नाही. मी टेबलावर ठेका धरतो, तुम्ही चारही ओळी वाजवायच्या. बोटं चुकली तर चुकली. ठेका थांबणार नाही, तुम्हीही थांबायचं नाही."

"पण मास्तर, ऐकूच येणार नाही तर चुकलं कुठं ते कळणार कसं?"

"नाही कळणार," मास्तर म्हणाले आणि ठेका धरला.

शेठना काही उमगेना. घरी बायकोने तर्क केला की आवारातल्या लोकांनी आवाजाची तक्रार केली असणार, आणि म्हातारा भिडस्त असल्यामुळे तोंडाने सांगत नसणार. शेठनाही तेच खरं वाटलं आणि थोडा अपमानही वाटला. तरी दिलेला शब्द मोडण्याची त्यांना सवय नव्हती. रोज सकाळी तासभर ते बाहेरच्या खोलीत बसून एक-दोन-तीन-चार मोजत आणि ठप ठप वाजवत. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटे, शेठच्या घरी कुणी उशी झोडतंय. ऐकायला काही नसल्यामुळे थांबायलाही काही कारण उरलं नव्हतं. पहिल्या ओळीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर हात जाऊ लागला, आणि शेठच्या ते ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते भलतंच. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मिलचा एक जुना एजंट दुकानात आला आणि नेहमीच्या थट्टेने त्याने नमुना पुढे केला. शेठनी डोळे मिटले, डाव्या बोटांत कापड धरून चोळलं आणि सांगितलं, "शुद्ध सुती." एजंट हसला. शेठ मुद्दाम गंमत करताहेत असं त्याला वाटलं, कारण कापडात जवळजवळ निम्मी भेसळ होती आणि ती नवख्यालाही कळली असती. शेठनी पुन्हा चोळून पाहिलं. बोटांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. तारा दाबून दाबून टोकांवर घट्टे पडले होते, आणि तीस वर्षं ज्या कातडीने त्यांना नाव मिळवून दिलं ती कातडी आता मुकी झाली होती.

शेठ दुकान तसंच टाकून मिशनच्या आवारात गेले. दारातूनच बोलायला लागले.

"मास्तर, बास झालं. महिनाभर मुकं वाद्य बडवतोय, सूर एक ऐकला नाही. आणि हे बघा, बोटं गेली माझी. आज चारचौघांत चुकलो. जिच्यावर नाव मिळवलं ती गोष्ट घालवून बसलो आणि हातात काय आलं? ठप ठप. हे कापड कशासाठी कोंबलं ते आधी सांगा, नाहीतर गिटार घेऊन चाललो."

मास्तरांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि मग सावकाश बोलायला सुरुवात केली.

"शेठ, तुमचा कान त्रेपन्न वर्षांचा आहे. जन्मभर चांगलं काय, वाईट काय हे ऐकत आलाय, त्याला सगळं कळतं. पण गिटारपुरती तुमची बोटं अडीच महिन्यांची आहेत. अडीच महिन्यांचं मूल काय करतं? जेमतेम मान सावरतं. तुम्ही त्या तान्ह्या बोटांसमोर हा पिकलेला कान न्यायाधीश करून बसवला होता. बोटांनी जरा हालचाल केली, की निकाल तयार. कान खोटं सांगत होता असं नाही. माल दुय्यमच होता. पण नवशिक्याला दुय्यमच वाजवावं लागतं, पुष्कळ दिवस वाजवावं लागतं, त्याखेरीज पुढचं हाताला लागत नाही. कान शुद्धीवर असेपर्यंत तुम्ही काही बोटांना ते वाजवू दिलं नसतंत. म्हणून मी कानाला महिन्याची रजा दिली."

असं म्हणून त्यांनी गिटार पुढे ओढली आणि तारांखालची घडी हलकेच बाहेर काढली.

"वाजवा. मी ठेका धरतो."

शेठनी वाजवलं. तारा मध्येच खरखरल्या, तिसऱ्या ओळीवर एक कॉर्ड उशिरा आली, पण ठेका पुढे गेला आणि शेठही त्याच्याबरोबर पुढे गेले. चार ओळींचं गाणं चौथ्या ओळीपर्यंत पोहोचलं. शेठ आपल्याच हाताकडे बघत राहिले. आपण गाणं संपवलं यावर त्यांचा विश्वास बसेना, आणि त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला.

"आणि माझी पारखायची बोटं, मास्तर?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. राग गेला होता, काळजी शिल्लक होती.

"ते काम उजव्या हाताला द्या की. शिकेल तोही."

"त्याला वेळ लागेल. तीस वर्षांचा सराव आहे डाव्याला."

"मग? किती मुदत द्याल त्याला?"

शेठनी व्यापाऱ्यासारखा विचार केला. "वर्षभर तरी द्यायला पाहिजे. सुरुवातीला चुकणारच तो."

"रास्त आहे," मास्तर म्हणाले. "पोराला किती दिली होती?"

उत्तर दोघांनाही ठाऊक होतं. आवारातल्या विहिरीवर कुणीतरी बादली सोडली, तिचा आवाज होऊन गेला. शेठनी डोळे पुसले, आणि ते लपवलंही नाही.

"मेपर्यंत चांगलं येईल ना मला?" जाताना त्यांनी विचारलं.

"नाही," मास्तर म्हणाले. "आणि शेठ, यावं असं मला वाटतही नाही. तुम्ही चार महिन्यांत झकास वाजवलंत तर त्याला काय कळेल? बापाला जमलं, मला जमलं नव्हतं, म्हणजे तेव्हाचा निकाल बरोबरच होता. तुम्ही त्याची समजूत काढायला म्हणून निघालात आणि त्याला दुसऱ्यांदा हरवून याल. जसं येतं तसंच वाजवा. फक्त मध्ये थांबू नका."

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. आपल्यापैकी पुष्कळजण पन्नाशीत काहीतरी नवीन शिकायला घेतात आणि महिन्याभरात सोडतात. वय झालं, वेळ मिळत नाही, असली कारणं आपण सांगतो. माझा अनुभव असा, की आपल्याला आपलं कच्चं काम बघवत नाही. दुसऱ्या कुठल्याशा क्षेत्रात मिळवलेली प्रतिष्ठा आपण इथेही बरोबर आणलेली असते, आणि ती नवशिक्याच्या जागी बसायला तयार नसते. भूपालशेठ दुसऱ्या दिवशी पुन्हा शिकायला गेले, आणि माझ्या मते खरी परीक्षा ते तिथेच पास झाले. दुकानात त्या दिवसापासून नमुना आला की ते उजव्या हाताने चाचपडत आणि शंका आली तर सरळ एजंटलाच विचारत. लोकांना त्याचं नवल वाटलं, पण गिऱ्हाईक काही तुटलं नाही.

मे महिन्यात वर्धमान आला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर तो बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला होता. शेठ गिटार घेऊन आले आणि त्याच्यासमोरच्या खुर्चीवर बसले. घरात पाहुणे नव्हते. आई स्वयंपाकघरात होती. वर्धमानने वर पाहिलं, गिटार ओळखली आणि पुन्हा पेपरात डोळे घातले. त्याचा चेहरा आवळला गेला. वडील आता काय करणार आहेत हे त्याला समजेना.

शेठनी पायाने ठेका धरला आणि सुरुवात केली. पहिली ओळ बरी गेली. दुसरीत एक तार खरखरली. तिसरीत बोटं चुकीच्या तारांवर पडली आणि कॉर्ड बेसूर उमटली. शेठच्या कानाने काय म्हणायचं ते म्हटलं. शेठ पुढे गेले. कपाळावर घाम आला होता. हजारो माणसांनी ज्याच्या निकालावर कापड घेतलं तो माणूस स्वतःच्या मुलापुढे अतिशय सामान्य प्रतीचं गाणं वाजवत होता आणि मध्ये थांबत नव्हता. चौथी ओळ संपली तेव्हा त्यांनी हात खाली घेतला.

वर्धमानच्या हातातला पेपर केव्हाच मांडीवर आला होता.

"एवढंच येतं," शेठ म्हणाले. "चार महिने रोज तासभर बसलो, तेव्हा कुठं एवढं आलं. त्या दिवशी तू याच्यापेक्षा बरं वाजवलं होतंस. मला त्यातलं काही कळत नव्हतं आणि मी कळतंय असं समजून बोललो. चारचौघांत बोललो. चुकलं माझं, वर्धमान."

वर्धमान उठून जवळ आला, वडिलांचा डावा हात त्याने आपल्या हातात घेतला आणि बोटं उलटी करून त्यांची टोकं बघितली.

"सुरुवातीला फार दुखतं ना?"

"फार."

"मी आईलापण सांगितलं नव्हतं," वर्धमान म्हणाला, आणि तिथेच, वडिलांच्या खुर्चीशी, खाली बसला.

"मग आता मला सांग," शेठ म्हणाले.

आणि तो सांगायला लागला. त्या दिवशी कापडपेठेतलं ते दुकान दुपारी तीन वाजता उघडलं.